सुपे ते बासेल: शेतकऱ्याचा प्रश्न सीमा का ओलांडतो?

हवामान बदलावर किंवा शेतीवर पुण्यात व्याख्यान झालं की एक प्रश्न हमखास येतो. "जुन्नरच्या शेतकऱ्याचा कांदा अवकाळी पावसात भिजला तर भरपाई द्यायची ती आपल्या सरकारने. भाव पडला तर बघायचं ते आपल्या बाजार समितीने. त्यासाठी ब्राझीलच्या भूमिहीनांशी, मालीतल्या शेतकरी बायांशी किंवा पॅसिफिक बेटांवरच्या विद्यार्थ्यांशी हातमिळवणी करून काय साधणार?"

प्रश्न रास्त आहे. घरचं काम पडून असताना दूरचं कशाला काढायचं, असं कोणालाही वाटेल. म्हणून या प्रकरणात आपण पायरीपायरीने जाऊ. बाहेरचं जग शेताच्या बांधापर्यंत कसं पोचतं ते आधी पाहू. मग 'हवामान न्याय' आणि 'अन्न-सार्वभौमत्व' या दोन कल्पना समजून घेऊ. शेवटी महाराष्ट्रातल्या माणसांनी देशाबाहेर नेलेल्या लढ्यांत काय मिळालं आणि काय हुकलं, याचा हिशेब मांडू.

१. सुप्याचा बाजार आणि अमेरिकेतलं युद्ध

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतले शेतकरी जमले. हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. जमलेल्यांचा रोख सावकारांच्या वह्यांवर आणि कर्जखतांवर होता. त्यांनी खतं मागून घेतली आणि जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली. बघता बघता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

याची एक मुळी अमेरिकेत होती. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, कापूस थांबला आणि इंग्रज व्यापारी हिंदुस्थानकडे वळले. मुंबईच्या पेढ्यांमधला पैसा गावोगावच्या सावकारांपर्यंत पोचला आणि सावकार शेतकऱ्याला सढळ हाताने उचल देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं. मागणी ओसरली, पेढ्यांनी हात आखडला, सावकारांनी वसुली सुरू केली. त्याच सुमारास, १८६७ नंतर, सरकारने जमिनीचा सारा फेरआकारणीत भरमसाट वाढवला. या सारावाढीविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला होता. कापूस, पत आणि सारा यांपैकी कशाला किती दोष द्यायचा यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण तिन्ही धागे एकमेकांत गुंतलेले होते, हे नाकारता येत नाही.

इथे एक गोष्ट नीट पाहू. मागणी ठरली लँकेशायरमध्ये, पत ठरली मुंबईत, सारा ठरला सरकारी कचेरीत. सुप्याच्या शेतकऱ्याला मात्र दिसली ती फक्त सावकाराची वही, म्हणून राग तिच्यावर निघाला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. वहीवर थोडा लगाम आला. लँकेशायरच्या मागणीवर आणि मुंबईच्या पेढ्यांवर मात्र शेतकऱ्याचा हात पोचू शकत नव्हता.

देशाबाहेर पोचणाऱ्या आजच्या चळवळी नेमकं हेच करू पाहतात. निर्णय जिथे होतो, तिथपर्यंत ज्याच्यावर तो आदळतो त्या माणसाचा हात पोचवायचा.

२. हवामान न्याय: बिल कोणी भरायचं?

आता पहिली कल्पना. पुण्याच्या उपनगरांत राहणाऱ्या वाचकाला ती चटकन कळेल.

दहा घरांच्या एका सोसायटीत एक विहीर आहे. वर्षानुवर्षं दोन घरांनी बागेसाठी आणि गाड्या धुण्यासाठी रोज ८,००० लिटर उपसा केला. उरलेल्या आठ घरांनी मिळून २,००० लिटर वापरलं. विहीर आटली. आता टँकर येतो आणि महिन्याचं बिल १०,००० रुपये होतं. सगळ्यांनी सारखं भरायचं ठरलं तर प्रत्येकी १,००० रुपये. उपशाच्या प्रमाणात भरायचं ठरलं तर दोन घरांना प्रत्येकी ४,००० आणि आठ घरांना प्रत्येकी २५०. त्यातून ज्यांच्या घरात साठवणीची टाकी नाही, त्यांच्याकडे टँकर उशिरा आला की लगेच ठणठणाट. आणि बिल कसं वाटायचं हे ठरवणाऱ्या समितीवर ती दोन घरंच असतील तर?

हवामान न्यायाचे तीन प्रश्न यातच आले. बिघाड कोणी केला? झळ कोणाला बसते? ठरवतं कोण?

जगाचे आकडे पाहू. कार्बन डायऑक्साइडचं माणशी वार्षिक उत्सर्जन अमेरिकेत सुमारे १४ टन आहे, जगाची सरासरी पाच टनांच्या जरा खाली, आणि भारताची सुमारे २ टन. हवेत साचलेला वायू तर दीडशे-दोनशे वर्षांचा आहे आणि त्यात जुन्या औद्योगिक देशांचा वाटा फार मोठा आहे. भारताच्या सरासरीतही सगळे सारखे नाहीत. दोन गाड्यांचं घर आणि अकोले तालुक्याच्या डोंगरातलं नाचणीचं शेत यांचा हिशेब एका ओळीत मांडणं अन्यायाचंच.

आता झळ. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं त्यात दिसून आलं. तापलेल्या अरबी समुद्रावरून बाष्पाचे लोट येतात आणि पाऊस थोड्या दिवसांत कोसळून जातो. हंगामाची एकूण सरासरी भरून निघते, पण काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहतं. सरासरीवर पीक पिकत नाही. पेरणीपासून काढणीपर्यंत पाऊस कोणत्या दिवशी आणि किती पडला, यावर ते पिकतं.

'जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही' हे तत्त्व जगाने १९९२ च्या हवामान करारातच मान्य केलं. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी २०२० पर्यंत गरीब देशांना दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करून देण्याचं वचन दिलं. ते वेळेवर पाळलं गेलं नाही. झालेल्या नुकसानीसाठी वेगळा निधी हवा ही मागणी छोट्या बेटांवरचे देश कितीतरी वर्षं करत होते. तो निधी मान्य व्हायला २०२२ ची शर्म अल-शेखची परिषद उजाडावी लागली.

इथे सामान्य माणसांनी काय केलं याचं एक उदाहरण मनात ठेवण्यासारखं आहे. २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी ठरवलं की हवामानाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतू या चिमुकल्या देशाने तो उचलून धरला. गावोगावच्या आणि देशोदेशीच्या संघटना मागे उभ्या राहिल्या, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि जुलै २०२५ मध्ये हेगमधल्या त्या न्यायालयाने मत दिलं: हवामान राखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न उभा राहू शकतो. हे सल्लावजा मत आहे. त्याने उद्या कोणाच्या खात्यात पैसे जमा होणार नाहीत. पण भरपाई मागणाऱ्याच्या हातात आता कायद्याचा आधार आला.

३. अन्न-सार्वभौमत्व: पोट भरणं आणि हक्क असणं

दुसरी कल्पना अन्नाची. 'अन्नसुरक्षा' विचारते की पुरेसं धान्य आहे का आणि ते लोकांना मिळतं का. 'अन्न-सार्वभौमत्व' त्याच्या पुढचं विचारतं. काय पेरायचं, कोणत्या बियाण्याने, कोणासाठी, आणि भाव काय, हे ठरवण्यात पिकवणाऱ्याचा आणि खाणाऱ्याचा वाटा आहे का?

ही कल्पना शेतकऱ्यांच्या संघटनांनीच पुढे आणली. १९९३ मध्ये बेल्जियममधल्या मॉन्स शहरात निरनिराळ्या खंडांतल्या शेतकरी संघटनांनी 'ला व्हिया काम्पेसिना' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. १९९६ मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली, तेव्हा त्यांनी अन्न-सार्वभौमत्वाची मागणी मांडली. त्याच वर्षी १७ एप्रिलला ब्राझीलमध्ये जमिनीसाठी निघालेल्या भूमिहीनांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि १९ जणांचा जीव घेतला. तेव्हापासून १७ एप्रिल हा शेतकरी लढ्यांचा जागतिक दिवस म्हणून पाळला जातो. २००७ मध्ये मालीतल्या सेलिंगे इथे शेतकऱ्यांबरोबर मच्छीमार, पशुपालक, आदिवासी आणि ग्राहकही जमले आणि त्यांनी या कल्पनेची सविस्तर मांडणी केली. या मालिकेतला तिसरा जागतिक मेळावा सप्टेंबर २०२५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीला झाला.

कल्पना कळायला आपला कांदा पुरेसा आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. समजा, चाळीत १०० क्विंटल कांदा ठेवलेल्या शेतकऱ्याचा भाव बंदीच्या बातमीने क्विंटलमागे १,००० रुपयांनी पडला. एका रात्रीत त्याचे एक लाख रुपये गेले. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आता सीमेपलीकडे पाहू. २०१९ च्या सप्टेंबरअखेरीस अशीच बंदी आली, तेव्हा बांगलादेशात कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला आणि तिथल्या सरकारला तो विमानाने मागवावा लागला. आधी कल्पना दिली असती तर सोय करता आली असती, असं बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या. म्हणजे ढाक्यातली गृहिणी आणि जुन्नरचा शेतकरी एकाच निर्णयाने एकाच वेळी भरडले गेले. भारतातल्या शहरी ग्राहकाला मधल्या काळात स्वस्त कांदा मिळाला, हेही खरं. पण त्या स्वस्ताईचा खर्च कोणाच्या अंगावर टाकायचा हे ठरवताना ज्याच्या अंगावर तो पडणार होता तो खोलीत नव्हता.

४. बियाणं कोणाचं?

अन्नावरचा ताबा बियाण्यापासून सुरू होतो. घरचं बी राखून पुढच्या वर्षी पेरायचं, पाहुण्याला मूठभर द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. जगातल्या बऱ्याच देशांत आता ती कायद्याने आक्रसली आहे. नवं वाण काढणाऱ्याला हक्क देणारा एक आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याच्या १९९१ च्या मसुद्यात शेतकऱ्याने बी राखण्यावर आणि विशेषतः ते देण्याघेण्यावर बंधनं आहेत. व्यापारी करार करताना श्रीमंत देश गरीब देशांना हा मसुदा स्वीकारायला सांगतात.

भारताने वेगळी वाट धरली. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी संरक्षित वाणाचंही बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ शकतो, विकूही शकतो. कंपनीच्या नावाने, छापील पिशवीत मात्र विकता येत नाही. या तरतुदीची कसोटी २०१९ मध्ये लागली. बटाट्याच्या एका नोंदणीकृत वाणाची लागवड केल्याबद्दल पेप्सिकोने गुजरातच्या काही शेतकऱ्यांवर दावे लावले आणि काहींकडून प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपये मागितले. देशभरातून विरोध झाला आणि काही आठवड्यांतच कंपनीने दावे मागे घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद पुढे चालू राहिला. २०२१ मध्ये याच कायद्याखालच्या प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली आणि २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

कायद्याने हक्क दिला तरी राखायला बी हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी नेमकं तेच काम केलं. भात, नाचणी, वाल, पालेभाज्या यांची गावरान बियाणी त्यांनी जमवली, वाढवली, वाटली. उरुळी कांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी स्थापलेल्या बाएफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं. मालीतल्या किंवा इंडोनेशियातल्या बीजसंवर्धक बाया हेच काम करतात, याच कारणासाठी: पाऊस लहरी झाला की एकाच जातीवर विसंबलेलं शेत पूर्ण जातं, आणि निरनिराळ्या मुदतीची चार वाणं असतील तर एखादं तरी हाती लागतं. हवामान न्याय आणि अन्न-सार्वभौमत्व बियाण्यापाशी एकत्र येतात ते असे.

५. लढा सीमेपलीकडे पोचतो कसा?

आता हिशेबाकडे वळू. एकमेकींशी ताडून पाहाव्यात अशा तीन घटना.

पहिली मुळशीची. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधायला घेतलं. आंबेमोहोराची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पुढे त्याचं नेतृत्व करताना पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी आरंभीच्या संघटित लढ्यांत मुळशीची गणना होते. तीन वर्षं लढा चालला आणि हरला. सत्याग्रही तुरुंगात गेले, धरण उभं राहिलं.

दुसरी मणिबेलीची. नंदुरबार जिल्ह्यातलं (तेव्हा तो धुळे जिल्हा होता) नर्मदाकाठचं हे आदिवासी गाव सरदार सरोवराच्या पाण्याखाली येणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या गावांपैकी. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या धरणाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. मेधा पाटकर आणि नर्मदा बचाव आंदोलनाने गावातला लढा चालू ठेवला आणि त्याच वेळी कर्जाच्या उगमापर्यंत धडक मारली. जपानमधल्या पर्यावरण संघटनांच्या मदतीने टोकियोत आवाज उठला आणि १९९० मध्ये जपानने टर्बाइनसाठीची मदत थांबवली. वॉशिंग्टनवरही दबाव वाढत गेला. जागतिक बँकेने स्वतंत्र चौकशी नेमली, १९९२ च्या तिच्या अहवालाने पुनर्वसनातल्या गंभीर त्रुटी उघड केल्या आणि १९९३ मध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं अशी मागणी केली. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं 'मणिबेली'.

तिसरी यवतमाळची. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. फवारलेल्या औषधांमध्ये स्विस कंपनी सिंजेंटाचं 'पोलो' हे कीटकनाशक होतं, असं पीडितांचं म्हणणं आहे. कंपनीने आरोप फेटाळला. 'पोलो'तला डायफेन्थियुरॉन हा घटक खुद्द स्वित्झर्लंडमध्ये वापरायला बंदी होती. सप्टेंबर २०२० मध्ये पीडित कुटुंबांनी भारतातल्या आणि युरोपातल्या संस्थांच्या साथीने स्वित्झर्लंडमध्ये सरकारी यंत्रणेकडे तक्रार केली. विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी आणि दोन विधवा यांनी बासेलच्या न्यायालयात दावाही लावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्विस सरकारने डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर २०२१ पासून बंदी जाहीर केली.

या तिन्हींतून काय दिसतं? मुळशीच्या लढ्याला धैर्य कमी पडलं नाही. दाब देता येईल असं ठिकाण त्याच्या हाती लागलं नाही. नर्मदेच्या लढ्याने ते शोधलं: कर्ज देणाऱ्या बँकेचं कार्यालय. यवतमाळने ते शोधलं: कंपनीचं मुख्यालय जिथे आहे तिथलं न्यायालय. मर्यादाही तितकीच स्पष्ट दिसते. बँक बाहेर पडली तरी धरण थांबलं नाही. देशातला पैसा वापरून ते पुरं झालं आणि २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं. देशाबाहेरची साथ एक दार बंद करू शकते. बाकीची दारं देशातच लढून बंद करावी लागतात.

आणखी एक बाब. टोकियो असो वा बासेल, तिथे बोलायला भक्कम पुरावा लागतो: कोणत्या तारखेला काय फवारलं, डबा कोणता होता, रुग्णालयाचा कागद काय सांगतो, कोणाची किती जमीन बुडाली. हे सगळं गावातच गोळा होतं. गावात संघटना नसेल तर बाहेरच्या मित्राच्या हातात काहीच पडत नाही.

६. शहरातला हवामान न्याय: पुण्याच्या कचरावेचक

हा विषय शेतापुरता नाही. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जात राहिला. तिथल्या विहिरी नासल्या, माणसं दुर्गंधीत राहिली, गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. ओला कचरा ढिगात कुजला की मिथेन बाहेर पडतो. तापमान वाढवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त आहे.

हा ढीग कमी करण्याचं काम कचरावेचक बाया करत होत्या आणि त्यांना कोणी कामगारही म्हणत नव्हतं. १९९३ मध्ये पुण्यात 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांचा त्यात मोठा हात होता. पुढे कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचं काम घेतलं.

सीमेपलीकडचा धागा इथेही आहे. २००८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटात कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद झाली. पुढच्याच वर्षी भारतासह निरनिराळ्या देशांचे कचरावेचक कोपनहेगनच्या हवामान परिषदेला पोचले. तिथे जाण्याचं कारण अगदी रोजच्या भाकरीचं होतं. त्या काळच्या नियमांनुसार कचरा जाळून वीज करणाऱ्या प्रकल्पांना 'प्रदूषण वाचवलं' म्हणून श्रीमंत देशांकडून पैसे मिळत. कागद आणि प्लास्टिक भट्टीत गेलं की वेचणाऱ्यांच्या हाताला काम उरत नाही. आणि त्याच वस्तू पुन्हा वापरात आणल्या तर ऊर्जा जास्त वाचते. हा हिशेब त्यांनी परिषदेत मांडला. २०२४ मध्ये ब्युनोस आयर्सला त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघाचं अधिवेशन भरलं. जागतिक प्लास्टिक कराराच्या वाटाघाटींतही कचरावेचकांचे प्रतिनिधी आपली बाजू मांडत आले आहेत.

७. चाकणचा वेगळा आवाज

शेतकऱ्यांची जागतिक एकजूट म्हणजे सगळ्यांचं एकमत, असं समजू नये. सर्वात ठाम वेगळं मत पुणे जिल्ह्यातूनच आलं. शरद जोशी स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथली जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून परतले, चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून हिशेब मांडला. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनाने शेतकरी संघटना महाराष्ट्रभर पोचली. शेतकरी गरीब आहे कारण सरकार मुद्दाम भाव पाडतं, ही त्यांची मांडणी. म्हणून बाजार खुला हवा, निर्यात खुली हवी आणि तंत्रज्ञान निवडण्याची मोकळीक हवी. जागतिक व्यापार कराराला त्यांनी विरोध केला नाही. २०१९ च्या जूनमध्ये शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अकोला जिल्ह्यात परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील कापसाचं बी उघडपणे पेरून दाखवलं, ते याच विचाराने.

शेजारच्या कर्नाटकात एम. डी. नंजुंडस्वामी यांची रयत संघटना नेमकी उलट बाजूला उभी होती. ती व्हिया काम्पेसिनात सामील झाली. १९९९ मध्ये भारतातले शेकडो शेतकरी युरोपभर फिरले आणि जागतिक व्यापार संघटना व बियाणे कंपन्यांच्या विरोधात त्यांनी निदर्शनं केली, त्या यात्रेत कर्नाटकचे शेतकरी मोठ्या संख्येने होते.

मला स्वतःला वाटतं की बाजार खुला झाला म्हणून बियाण्यावरची आणि खरेदीवरची मोजक्या कंपन्यांची पकड सैल होत नाही. पण निर्यातबंदीविरुद्धचा जोशींचा राग शंभर टक्के खरा होता आणि अन्न-सार्वभौमत्वाची भाषा बोलणाऱ्याने तो ऐकलाच पाहिजे. पिकवणाऱ्याला न विचारता निर्णय होतो, हे दोघांचंही दुखणं.

दोन्ही बाजूंकडून एक माणूस मात्र बराच काळ सुटून गेला: शेतात राबणारी बाई. तिच्या नावावर सातबारा नसतो, म्हणून कर्ज, भरपाई, अनुदान काहीच तिच्यापर्यंत येत नाही. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', आणि पुण्याची सोपेकॉम संस्था यांनी हा प्रश्न लावून धरला आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींशी बोलल्यावर दिसलं की कसणारी ती असूनही अनेकींच्या नावावर जमीन चढलेलीच नव्हती.

८. जागतिक जाहीरनाम्याचा गावात उपयोग काय?

इंडोनेशियातल्या शेतकऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला एक मागणी मांडली: कामगारांचे हक्क जगाने मान्य केले, तसे शेतकऱ्यांचेही करावेत. व्हिया काम्पेसिनाने ती उचलली, बोलिव्हियाने सरकार म्हणून पुढाकार घेतला आणि १७ डिसेंबर २०१८ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शेतकरी आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने १२१ मतं, विरोधात ८, तटस्थ ५४. भारताने बाजूने मत दिलं. जमीन, बियाणं, पाणी, योग्य उत्पन्न, विषारी रसायनांपासून संरक्षण आणि ग्रामीण स्त्रियांची बरोबरी, हे सगळं त्यात आहे. शेतमजूर, पशुपालक आणि मच्छीमारही त्यात येतात.

हा जाहीरनामा कोर्टात नेऊन कोणाला थेट पैसे मिळवता येत नाहीत. कायदा करणं ज्या त्या देशाच्या हाती आहे. पण भारताने जगासमोर हात वर करून 'हो' म्हटलं आहे. त्या 'हो'चा जाब विचारण्याचा हक्क आपल्याला मिळाला आहे.

तो कसा वापरायचा? कोणताही प्रश्न समोर आला की चार गोष्टी शोधाव्यात. निर्णय कुठे झाला? पैसा कुठून आला? झळ कोणाला बसली? आणि तीच झळ सोसणारे दुसरीकडे कोण आहेत? पहिल्या दोन उत्तरांवरून दाब कुठे द्यायचा ते कळतं, तिसऱ्यावरून पुरावा कुठे गोळा करायचा ते, आणि चौथ्यावरून सोबती कोण ते. शहरातल्या वाचकालाही यात काम आहे. भाव वाढला की निर्यातबंदीची मागणी करण्याआधी शेतकऱ्याचा खर्च विचारावा. आपला ओला कचरा आपल्या आवारात जिरवावा, म्हणजे तो फुरसुंगीच्या माथी जाणार नाही. गावरान वाणाचा तांदूळ, नाचणी पिकवणाऱ्याकडून थेट घ्यावी.

आणि मागणी करावी ती नेमकी करावी. निर्यातीचे निर्णय हंगामाच्या आधी जाहीर व्हावेत आणि ते ठरवताना शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. कसणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर चढावं. स्वतःच्या देशात ज्या औषधावर बंदी आहे, ते कोणत्याही कंपनीला आपल्याकडे विकता येऊ नये. या तिन्ही मागण्यांना २०१८ च्या जाहीरनाम्याचा आधार आहे. ग्रामसभेत, बाजार समितीच्या सभेत आणि मत मागायला दारात आलेल्या उमेदवारासमोर त्या तारीख, वार, कलम सांगून मांडल्या पाहिजेत.